साडेतीनशे ओळखपत्रं आणि एकच लेआउट: डेटा फाइलमधून छपाईची पानं कशी बनवायची

"डिझाइन तयारच आहे, आता फक्त नावं बदलायची." फ्रीलान्स काम सुरू केलं की हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. सोबत येते एक एक्सेल फाइल आणि फोटोंनी भरलेलं फोल्डर. समजा परिषदेला ३५० माणसं येणार आहेत आणि प्रत्येकाला ओळखपत्र हवंय. एका कार्डावर नाव, हुद्दा आणि संस्था पेस्ट करून फोटो बसवायला दोन मिनिटं धरली तरी ७०० मिनिटं होतात, म्हणजे जवळजवळ बारा तास. त्यात आदल्या रात्री "पन्नासेक नावं दुरुस्त केलीत, नवी फाइल पाठवतोय" असा निरोप आला की झालंच.

हे काम डेटा मर्जने करायचं, म्हणजे तक्त्यातली एकेक ओळ साच्यात आपोआप भरणाऱ्या सोयीने. एकदा साचा लावला, तक्ता जोडला, की साडेतीनशे पानं काही मिनिटांत तयार होतात आणि दुरुस्त फाइल आली तरी तितक्याच वेळात पुन्हा होतात. पण शिकाऊ डिझायनर सॉफ्टवेअर उघडून थेट साच्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. मीही तसाच फसलो होतो. या कामात खरा वेळ तक्त्यात जातो. तक्ता जितका हुशार आणि लेआउट जितका मठ्ठ, तितकं काम सुरळीत. पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलंय.

हत्यार कोणतं

अडोबी इनडिझाइन हातात असेल तर त्यातलं डेटा मर्ज पुरेसं आहे. विंडो मेनूत युटिलिटीजखाली ते सापडतं. अ‍ॅफिनिटी पब्लिशरमध्ये ही सोय २०२१ साली १.९ आवृत्तीत आली, आणि तिथे एक्सेलची फाइल थेट जोडता येते. कोरलड्रॉमध्ये तिचं नाव प्रिंट मर्ज. पैसे खर्च करायचे नसतील तर स्क्रायबस घ्या आणि त्याला स्क्रायबस जनरेटर नावाची मोफत स्क्रिप्ट जोडा. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप यांच्यातही व्हेरिएबल्स आहेत, पण शेकडो पानांच्या छपाईसाठी मी ती वापरत नाही. फोटोशॉपमधून बारीक अक्षरं पिक्सेल होऊन निघण्याची भीती असते आणि इलस्ट्रेटरमध्ये इतकी पानं सांभाळणं जिकिरीचं होतं.

पुढची उदाहरणं इनडिझाइनची आहेत. बाकी सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावं बदलतात, विचार तोच राहतो.

आणि कार्डं बाराच असतील तर हे सगळं विसरा, हाताने करा. साचा लावण्यात तेवढाच वेळ जाईल.

आधी तक्ता

क्लायंटची मूळ फाइल जशी आली तशी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. काम करायचं ते तिच्या प्रतीवर. नियम साधा आहे: एका माणसाची एक ओळ, एका गोष्टीचा एक रकाना. पहिल्या ओळीत फक्त रकान्यांची नावं असावीत, तीही छोटी, रोमन लिपीत, मधे जागा न सोडता. वरती "सहभागींची यादी" असं ठळक शीर्षक, मधेच रिकाम्या ओळी, एकत्र केलेले म्हणजे मर्ज केलेले सेल, रंगीत पट्टे हे सगळं काढून टाकायचं. माणसाला वाचायला सोयीचा तक्ता आणि यंत्राला वाचायला सोयीचा तक्ता वेगळे असतात.

लगेच सगळ्यात डावीकडे एक क्रमांकाचा रकाना घाला: १ पासून शेवटपर्यंत, प्रत्येक ओळीला कायमचा. हा रकाना मी एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या एका कामात मी नावांचा एकच रकाना निवडून अकारविल्हे लावला आणि शेजारचे रकाने जागेवरच राहिले. नाव एकाचं, फोटो दुसऱ्याचा. प्रिव्ह्यूमध्ये सगळं देखणं दिसत होतं. चूक कळली ती कार्डं छापून आल्यावर, आणि दुसऱ्यांदा छापायचा खर्च अर्थातच माझा. कायमचा क्रमांक असता तर मूळ फाइलशी ताडून दोन मिनिटांत सापडलं असतं.

मग साफसफाई. नावांच्या मागेपुढे अदृश्य स्पेस असतात, त्या ट्रिम फंक्शनने निघतात. फोन नंबर किंवा कोड शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य गिळून टाकतं, आणि लांबलचक क्रमांकाचं भलत्याच घातांकी आकड्यात रूपांतर करतं. पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर पुढचे अंक कायमचे शून्य होतात, ते परत मिळत नाहीत. म्हणून असे रकाने डेटा भरण्याआधीच टेक्स्ट प्रकारचे करायचे. "३-४" असं काही लिहिलं की त्याची तारीख होते, तिच्यावरही हाच उपाय.

सेलच्या आत एंटर मारून दोन ओळींत लिहिलेला पत्ता हा सर्वांत छुपा शत्रू. मर्ज करताना ती दुसरी ओळ नवीन नोंद समजली जाऊ शकते आणि तिथून पुढचं सगळं सरकतं. त्या जागी एखादं कधीच न येणारं चिन्ह घाला, उदाहरणार्थ दोन उभ्या रेघा. मर्ज झाल्यावर फाइंड-चेंजने एका फटक्यात त्यांच्या जागी ओळ तोडता येते.

आता तक्ता हुशार करायचा. डेटा मर्जला "असं असेल तर तसं" कळत नाही. ते एक्सेलच्या इफ फंक्शनला कळतं, म्हणून सगळे निर्णय तिथेच उरकायचे. स्वयंसेवकांच्या कार्डाला हिरवी पार्श्वभूमी आणि वक्त्यांच्या कार्डाला निळी हवी असेल तर दोन साचे करू नका. एक रकाना वाढवा आणि प्रकार बघून तिथे पार्श्वभूमीच्या फाइलचं नाव येऊ द्या. फोन नंबरआधी "दूरध्वनी:" हवं असेल तर ते साच्यात टाइप करू नका, कारण ज्यांचा नंबरच नाही त्यांच्या कार्डावर नुसतं "दूरध्वनी:" लोंबकळत राहतं. ते लेबलसुद्धा सूत्राने तक्त्यातच जोडा. नंबर असेल तर दोन्ही येतील, नसेल तर काहीच येणार नाही.

फोटो

फोटोंच्या फाइलींना माणसांची नावं देऊ नका. दोन माणसं एकाच नावाची निघतातच, शिवाय स्पेलिंगची भानगड. त्याच कायमच्या क्रमांकाने नाव द्या: ००१, ००२ असं. मग तक्त्यात फोटोचा रकाना टाइप करावा लागत नाही, तीन अंकी केलेला क्रमांक आणि जेपीजी हे एक्स्टेन्शन सूत्राने जोडलं की झालं. एक्स्टेन्शन सगळीकडे एकसारखं आहे ना ते बघा. जेपीजी आणि जेपीईजी यांची सरमिसळ हमखास असते.

रकान्याच्या नावाआधी @ हे चिन्ह घातलं की इनडिझाइन त्या रकान्यातला मजकूर चित्राचा पत्ता समजतं. एक्सेल मात्र @ ने सुरू होणारं काही टाइप केलं की कुरकुरतं, तेव्हा त्याआधी एक अपॉस्ट्रॉफी टाका. डेटा फाइल आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये असतील तर नुसतं फाइलचं नाव पुरतं, नाहीतर पूर्ण मार्ग लिहावा लागतो. मी सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवतो. कॉम्प्युटर बदलला तरी काही तुटत नाही.

फोटोचा आकार आधीच ठरवा. कार्डावर फोटोची जागा २५ × ३२ मिमी असेल तर ३०० पीपीआयसाठी (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) साधारण २९५ × ३७८ पिक्सेल लागतात. मोबाइलच्या फोटोला हे सहज जमतं, मेसेजमधून फिरून आलेल्या आणि कुणीतरी आणखी कापलेल्या फोटोला जमेलच असं नाही. कमी पिक्सेलचे फोटो आधी वेगळे काढा आणि त्यांची यादी क्लायंटला एकाच वेळी पाठवा. रोज एक-एक मागत बसलात तर ते संपत नाही.

फाइल सेव्ह करताना

मराठी मजकूर असेल तर इथे जपून. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या टेक्स्ट फाइलमध्ये) सेव्ह केलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. इनडिझाइनसाठी "युनिकोड टेक्स्ट" हा पर्याय निवडा. त्यात रकाने टॅबने वेगळे होतात, त्यामुळे पत्त्यातल्या स्वल्पविरामांचा त्रासही वाचतो. स्क्रायबस जनरेटरला यूटीएफ-८ सीएसव्ही द्यायची.

साच्यात फॉन्ट युनिकोडच हवा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये तक्त्यातला मजकूर दिसणारच नाही किंवा भलतंच काही दिसेल. पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोजर निवडलेला आहे ना तेही बघा. तो नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. शक्यतो हे पॅरेग्राफ स्टाइलमध्येच (परिच्छेदाची मांडणी एका नावाखाली साठवणाऱ्या सोयीत) बसवून टाका.

साचा

साच्याचं पान कार्डाच्याच मापाचं घ्या. बँकेच्या कार्डाचं प्रमाणित माप ८५.६० × ५३.९८ मिमी असतं. आपण ८६ × ५४ धरू, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापल्यावर पांढरी कड दिसू नये म्हणून बाहेर वाढवलेली पार्श्वभूमी. कापणी थोडी सरकते, तेव्हा मजकूर कडेपासून निदान ३-४ मिमी आत ठेवा.

डेटा मर्ज पॅनेलच्या मेनूतून "सिलेक्ट डेटा सोर्स" करून फाइल जोडली की रकान्यांची यादी दिसते. मजकुराच्या फ्रेममध्ये कर्सर ठेवून रकान्याच्या नावावर क्लिक करा, तिथे दुहेरी कोनी कंसात ते नाव उमटेल. फोटोसाठी रिकामी फ्रेम काढा, ती निवडलेली असताना @ वाल्या रकान्यावर क्लिक करा. नाव, हुद्दा, संस्था प्रत्येकाला स्वतंत्र पॅरेग्राफ स्टाइल द्या, कारण मर्जनंतर बदल करायचा तर स्टाइल बदलली की साडेतीनशे ठिकाणी बदलतं.

क्यूआर कोडही इथेच होतो: रकान्याच्या नावाआधी # लावायचं आणि फ्रेममध्ये टाकायचं. कोडभोवती चारही बाजूंना त्यातल्या चार बारीक चौकोनांएवढी मोकळी जागा सोडा. पार्श्वभूमीच्या नक्षीवर कोड चिकटवला तर तो स्कॅन होईलच याची खात्री नाही. छपाईच्या मापाचा कागदी नमुना काढून दोन वेगळ्या फोनांवर तपासायचा.

आता लांब नावांचा प्रश्न. तक्त्यात लेन फंक्शनने प्रत्येक नावाची अक्षरं मोजा आणि सर्वांत लांब नाव साच्यात टाकून बघा. डिझाइन "अमर" या नावावर करायचं नसतं, यादीतल्या सर्वांत लांब नावावर करायचं असतं. मात्र देवनागरीत हे मोजमाप फसवं आहे. काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळे "कीर्ती" सहा अक्षरांचं निघतं. आकड्यावर विसंबू नका, वरची पाच-दहा नावं डोळ्यांनी पाहा.

तरीही बसत नसेल तर एक युक्ती आहे, तीही हात न लावता चालणारी. नावाच्या पॅरेग्राफ स्टाइलमध्ये ग्रेप स्टाइल (ठरावीक पॅटर्नमध्ये बसणाऱ्या मजकुराला आपोआप स्टाइल लावणारी सोय) घाला. पॅटर्न असा: आधी कॅरेट, मग टिंब, महिरपी कंसात २३ आणि लगेच स्वल्पविराम, शेवटी डॉलर. अंक मात्र इंग्रजी कीबोर्डवरून टाकायचे. अर्थ एवढाच की परिच्छेद २३ किंवा जास्त अक्षरांचा असेल तर छोट्या टायपाची कॅरेक्टर स्टाइल लावा. छोटी नावं मोठ्या टायपात राहतात, लांब नावं आपोआप आकसतात.

मर्ज

पॅनेलमधलं प्रिव्ह्यू चालू करून बाणाने पुढे-मागे फिरा. पहिली पाच कार्डं बघून समाधान मानू नका. सर्वांत लांब नाव, सर्वांत छोटं, ज्याचा हुद्दा रिकामा आहे ते आणि शेवटचं, एवढी तरी बघाच.

मग "क्रिएट मर्ज्ड डॉक्युमेंट". इथल्या ऑप्शन्समध्ये तीन गोष्टी लक्षात ठेवा. चित्रासाठी "फिल फ्रेम्स प्रपोर्शनली" निवडा, म्हणजे फोटो फ्रेमभर बसतो आणि ताणला जात नाही. रिकाम्या रकान्यांच्या ओळी काढून टाकायचा पर्याय चालू करा. पण त्या ओळीत एखादी स्पेससुद्धा असेल तर ती ओळ निघत नाही, म्हणून साच्यात तशी काही शिल्लक नाही ना ते पाहा. आणि दर डॉक्युमेंटमागे नोंदींची मर्यादा एकूण नोंदींपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर फाइल तुकड्यांत निघेल. न मावलेल्या मजकुराचा अहवाल आणि न सापडलेल्या चित्रांची सूचना हे दोन्ही चालू असू द्या. ते वाचायचा कंटाळा करू नका.

मर्ज झालेल्या फाइलमध्ये हाताने दुरुस्ती करायची नाही, हे मी स्वतःला अजूनही बजावतो. एक नाव चुकलंय, पटकन इथेच बदलू, असं वाटतं. पुढच्या वेळी नवा तक्ता आला की ती दुरुस्ती हरवते आणि जुनी चूक छापून येते. दुरुस्ती तक्त्यात करा, फाइल फेकून द्या, पुन्हा मर्ज करा.

एका कागदावर अनेक

छपाई प्रेसमध्ये होणार असेल तर मी एका पानावर एकच कार्ड ठेवून पीडीएफ देतो. कागदावर कशी मांडायची ते प्रेसवाल्यांचं काम, आणि ते आपल्यापेक्षा चांगलं करतात. स्वतःच्या प्रिंटरवर काढायचं असेल तर "मल्टिपल रेकॉर्ड्स" निवडा. त्यासाठी साच्याचं पान ए-४ चं घ्यायचं आणि त्यावर एकाच कार्डाचा साचा ठेवायचा, बाकीचे सॉफ्टवेअर मांडतं. ही सोय एकाच पानाच्या साच्यावर चालते, मागची बाजू वेगळ्या फाइलमध्ये करावी लागते.

मांडणीचा हिशेब आधी कागदावर करून बघा. ब्लीड धरून कार्ड ९२ × ६० मिमी होतं. ए-४ उभा ठेवला तर २ × ४, म्हणजे ८ कार्डं बसतात. आडवा ठेवला तर ३ × ३, म्हणजे ९: रुंदी २७६, उंची १८०, आणि कागद २९७ × २१० चा. ३५० कार्डांना उभ्याने ४४ कागद, आडव्याने ३९.

क्रमांक असलेल्या तिकिटांत आणखी एक गंमत आहे. १००० तिकिटं, एका कागदावर १०, म्हणजे १०० कागद. सरळ क्रमाने मांडलं तर पहिल्या कागदावर १ ते १० येतात आणि कापल्यावर दहा गठ्ठ्यांतून क्रम लावत बसावं लागतं. त्यापेक्षा तक्त्यात दोन रकाने वाढवा. क्रमांकातून १ वजा करा, १०० ने भागा, बाकी एका रकान्यात आणि भागाकार दुसऱ्यात. आधी बाकीवर, मग भागाकारावर तक्ता लावा, आणि या वेळी सगळे रकाने निवडून! आता पहिल्या कागदावर १, १०१, २०१ असं ९०१ पर्यंत येतं. सगळे कागद एकत्र कापले की पहिल्या गठ्ठ्यात १ ते १००, दुसऱ्यात १०१ ते २००. गठ्ठे एकावर एक ठेवले की क्रम लागलेला. मात्र प्रेस स्वतः असं करणार असेल तर तुम्ही करू नका. दोघांनी केलं तर क्रमाचा पार विचका होतो.

पाठवण्याआधी

पानांची संख्या आणि तक्त्यातल्या ओळींची (रकान्यांच्या नावांची ओळ सोडून) संख्या जुळली पाहिजे, सर्वांत आधी हे. मग प्रीफ्लाइट (छपाईआधीच्या तपासणीच्या) पॅनेलमध्ये न मावलेला मजकूर आणि हरवलेली चित्रं शून्य आहेत का ते बघा. सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये (छपाईच्या प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये) काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर आहेत ना, हेही. चार रंगांत बनलेलं बारीक काळं अक्षर छपाईत थोडं जरी सरकलं तरी धूसर दिसतं. शेवटी कुठलीही दहा पानं निवडून नाव आणि फोटो मूळ फाइलशी ताडा, माझ्या त्या चुकीची आठवण ठेवून. पीडीएफ/एक्स-१ए हवी की एक्स-४ (छपाईच्या पीडीएफचे दोन प्रकार), ते प्रेसला विचारून घ्या.

कॅटलॉग असेल तर

वस्तूंची लांबलचक यादी, मधे विभागांची शीर्षकं, वर्णन कुठे दोन ओळी तर कुठे दहा, असं काम डेटा मर्जच्या आवाक्याबाहेरचं. त्यासाठी टॅग्ड टेक्स्ट, म्हणजे स्टाइलच्या खुणा मजकुरातच लिहिलेली टेक्स्ट फाइल, बघा. इनडिझाइनमध्ये दोन-तीन वस्तू हव्या त्या स्टाइलमध्ये लावा, तो मजकूर टॅग्ड टेक्स्ट म्हणून एक्स्पोर्ट करा आणि नोटपॅडमध्ये उघडा. कुठल्या स्टाइलसाठी कोणती खूण येते ते कळेल. तशाच खुणा एक्सेलच्या सूत्राने प्रत्येक ओळीत जोडा, मूळ फाइलची पहिली ओळ वर जशीच्या तशी ठेवा, टेक्स्ट फाइल बनवा आणि इनडिझाइनमध्ये प्लेस करा. शंभर पानांचा मजकूर स्टाइल लागूनच ओतला जातो. जावास्क्रिप्टमध्ये स्क्रिप्ट लिहिणं ही त्याच्या पुढची पायरी, तिची घाई नको.

क्लायंटशी बोलताना

दर ठरवताना साच्याचे पैसे वेगळे आणि प्रत्येक मर्जचे वेगळे सांगा. नुसता कार्डामागे दर लावला तर ५० कार्डांच्या कामात तक्ता साफ करण्याची मजुरीही सुटत नाही. डेटा कोणत्या दिवशी गोठवायचा ते लेखी ठरवा, आणि त्यानंतरचा बदल म्हणजे नवं मर्ज, हेही. साफ केलेला तक्ता क्लायंटला परत पाठवून "हाच छापायचा" असा होकार घ्या. स्पेलिंगची जबाबदारी त्यांची हे त्या होकारानेच ठरतं. सगळी कार्डं करण्याआधी पाच नमुने पाठवा, त्यांत सर्वांत लांब नाव असू द्या.

या तक्त्यात लोकांचे फोन नंबर आणि फोटो असतात. फाइल पासवर्ड लावून मागवा, आणि काम पोचल्यावर ती किती दिवसांनी पुसणार ते क्लायंटला आधीच सांगा. माझ्याकडे कामानंतर रिकामा साचा, सूत्रं आणि तीन बनावट नावांचा तक्ता एवढंच राहतं. पुढच्या वर्षीचं काम त्यावरच सुरू होतं.